माळीपुऱ्यातल्या नळाची माहिती

महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-चार वर्षंच झाली होती. आमच्या नगरपालिकेतले छापील फॉर्म मात्र अजून मध्यप्रदेशच्या वेळचेच होते, हिंदीतले. ते संपल्याशिवाय नवे छापायचे नाहीत असा हुकूम होता, आणि ते मेले काही संपत नव्हते. त्या हिंदी फॉर्मवर मराठीत गावच्या कामांची माहिती भरायची आणि दर महिन्याच्या सभेत उभं राहून मेंबर लोकांना ती वाचून दाखवायची, ही माझी नोकरी. मी बांधकाम खात्याचा कारकून. मूळचा अमडापूरचा, मॅट्रिक झालेला, आवाज खणखणीत. आवाजावरच मला घेतलं असावं, कारण माझ्या आधीचा कारकून वाचायला लागला की अध्यक्षांना पेंग यायची.

सभा दुपारी तीनला असायची. म्हणजे मेंबर चारला यायचे. त्यांत एक वकील, दोघंतिघं अडते, बाकी शेतीवाडीवाले. मी वाचायचो: अमक्या गल्लीतली नाली, तमक्या शाळेवरची कौलं, कोंडवाड्याची भिंत. ‘काम चालू आहे’ असं वाचलं की संपलंच. कधीपासून चालू, का चालू, गवंडी कोणाचा साडू, असे प्रश्न सुरू व्हायचे आणि चहा गार व्हायचा. तेच ‘काम पूर्ण’ म्हटलं की सगळ्या माना एकदम डोलायच्या. पूर्ण झालेल्या कामावर मी तरी कोणाला प्रश्न विचारताना पाहिलं नाही.

ही गोष्ट मला आमच्या ओव्हरसिअरनं पहिल्याच महिन्यात शिकवली. रिटायर व्हायला आलेला माणूस, पान खाऊन खाऊन दात काळे झालेले. मी चालू कामांची लांबलचक यादी केली तर म्हणाला, “काऊन बे, तुले घरी नाई का जायचं? आपल्या खात्याचं झालं ना? मंग पूर्ण लेहून टाक.” आपल्या खात्याचं, हे महत्त्वाचं. सार्वजनिक नळ बांधायचा तर त्याचा ओटा, खांब आणि तोटी हे बांधकामाचं. जमिनीतला पाइप आणि पाणी हे वॉटरवर्क्सचं. वॉटरवर्क्सचं टेबल माझ्या टेबलापासून हातभर लांब. त्या टेबलाचा कारकून आणि मी एकाच डबीतला चुना खायचो. पण त्याच्या कामाचं मी लिहायचं नाही आणि माझ्या कामाचं त्यानं विचारायचं नाही, अशी रीत होती. आम्हांला ती अगदी बरोबर वाटायची.

माळीपुरा गावाच्या टोकाला. भाजीपाला पिकवणाऱ्यांची तीसेक घरं. तिथं ओटा झाला, शहाबादी फरशी बसली, पितळी तोटीही लागली. मोठ्या रस्त्यापासून तिथवरचा पाइप तेवढा यायचा होता, तो खामगावला अडकला होता. मी फॉर्मवर लिहिलं, ‘माळीपुरा नळ, काम पूर्ण’. आपल्या खात्याचं झालं होतंच की.

त्या सभेत मी बसलो आणि माझ्यानंतर आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर उठला. गावात नारूचा त्रास फार होता, लोकांच्या पायातून दोऱ्यासारखे लांब जंत निघायचे. लोक पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरतात, त्यातून नारू होतो, तेव्हा जिथं नळ झाला तिथली पायविहीर बंद करावी, असं त्याचं म्हणणं. बोलणं रास्त होतं. मलाही पटलं. वकील मेंबरानं विचारलं, “माळीपुऱ्यात झाला का नळ?” अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “पूर्ण आहे, साहेब.” माना डोलल्या.

खरं सांगतो, त्या वेळी माझ्या मनात पाल चुकचुकली वगैरे काही नाही. मी कागदावर होतं तेच बोललो होतो. घरी गेलो, जेवलो, झोपलो.

आमच्या नगरपालिकेत एक फुटकी नाली बदलायला वर्ष लागायचं, पण विहीर बंद करायला आठ दिवसही लागले नाहीत. पायऱ्यांच्या तोंडाशी दगडी भिंत उभी राहिली, वर जाळी ठोकली आणि कुलूप लागलं. कुलपाची किल्ली आरोग्य खात्यात.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी माळीपुऱ्यातली भाजीवाली मावशी ऑफिसात आली. ती आमच्या दारावर मेथी, अंबाडी घेऊन यायची, कधी सोबत पोरगीही असायची, म्हणून ओळख. डोक्यावरची टोपली तिनं दाराबाहेर ठेवली आणि सरळ माझ्या टेबलाशी आली.

“भाऊ, सभेत वाचनारे तुमीच ना?”

“हो मावशी, काय झालं?”

“विहीर बंद केली. पुसलं तर म्हनतात, नळ आला म्हून केली. आमी तोटी फिरवून फिरवून थकलो बाप्पा, थेंब नाई. मंग आला कोठी नळ?”

मी तिला दोन खाती समजावून सांगू लागलो. ओटा आमचा, पाइप त्यांचा. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, “ते असन भाऊ. पन माह्या पोरीची सातवी हाये यंदा.”

मला आधी कळलंच नाही, सातवीचा इथं काय संबंध. मग तिनं सांगितलं. तिला पहाटेच बाजार गाठावा लागायचा, नवरा मळ्यावर राबायचा, सासू आंधळी. घरचं पाणी भरायला एकच माणूस, ती पोरगी. विहीर घराजवळ होती तोवर पोरगी दोन घागरी ओतून शाळेची घंटा गाठायची. आता नाल्यापलीकडच्या मळ्यातल्या विहिरीवर जावं लागत होतं, तीन-तीन खेपा, चैताच्या उन्हात. शाळा बुडत होती. गुरुजींनी सांगितलं होतं की या महिन्यात हजेरी भरली नाही तर परीक्षेला नाव पाठवणार नाही. आणि त्या काळात सातवी पास पोरगी ट्रेनिंग करून मास्तरीण व्हायची. माळीपुऱ्यातली पहिलीच पोरगी तिथवर पोहोचली होती. मावशी म्हणाली, “माह्या पोरीनं माह्यासारखी टोपली नाई उचलली पायजे, एवढंच माह्यं म्हननं.”

मी म्हणालो, “पुढच्या सभेत मांडतो.”

“मांडा भाऊ. तुमी वाचता तवा समदे आयकतात म्हने,” असं म्हणून ती टोपली उचलून गेली.

आता मी काय करायला हवं होतं ते मला चांगलं माहीत होतं. अध्यक्षांचं कापडाचं दुकान ऑफिसपासून पाच मिनिटांवर. जायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, साहेब, मी चुकीचं वाचलं, नळाला पाणी नाही, विहिरीचं कुलूप काढायला सांगा. माणूस तापट होता, चार शिव्या दिल्या असत्या, पण दुपारच्या आत कुलूप निघालं असतं. मी गेलो नाही. का नाही गेलो? माझ्या कायम होण्याचा कागद त्याच आठवड्यात त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. बायको माहेरी बाळंतपणाला गेलेली, घरी भावाचं शिक्षण. कारणं काय, हवी तेवढी सापडतात. मी मूग गिळून बसलो आणि पुढच्या सभेची वाट पाहू लागलो. सभेला अजून तीन आठवडे होते.

ओव्हरसिअरला तेवढं सांगितलं. तो चिडला. “आता काऊन उकरून राह्यला? सभेच्या बुकात पूर्ण गेलं ना? एकदा पूर्ण झालेलं काम अपूर्ण कसं होईन बे?” मग पानाची पिंक टाकून आला आणि थोडा निवळला. “एक कर. दुरुस्ती म्हन. दुरुस्ती कोनत्याबी कामाची होते.”

त्या तीन आठवड्यांत मी पोरीला दोनदा पाहिलं. सायकलवरून ऑफिसला येताना नाल्याच्या उतारावर. डोक्यावर घागर, कमरेवर दुसरी, अनवाणी. शाळा भरून केव्हाच तास सुरू झाला असणार. दुसऱ्या वेळी मी सायकल दुसऱ्या रस्त्यानं घेतली. लाज वाटली, दुसरं काय.

सभा भरली. मी उठून वाचलं, “माळीपुरा नळ, दुरुस्ती आवश्यक.”

एक अडते म्हणाले, “इतक्या लवकर बिघडला?”

दुसरे म्हणाले, “बैलगाडीचा धक्का लागला असन.”

“हाव, त्या गल्लीत गाड्या लय वाकड्यातिकड्या हाकलतात,” तिसऱ्यांनी दुजोरा दिला. ज्या तोटीतून कधी थेंब गळला नव्हता ती एकमतानं दुरुस्तीला मंजूर झाली. ओव्हरसिअरनं टेबलाआडून माझा हात दाबला. त्याला माझा अभिमान वाटत होता. मला मात्र ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही, पुढची नाली वाचली.

दुरुस्ती मंजूर म्हटल्यावर वॉटरवर्क्सचीही चक्रं फिरली. खामगावहून पाइप दहा दिवसांत आले, दोन दिवसांत जोडले गेले. माझी कायम होण्याची ऑर्डर त्याच्या आदल्या दिवशी हातात पडली.

नळ सुरू करायला अध्यक्ष स्वतः आले. ओट्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. पहिली घागर गल्लीतल्या कुमारिकेनं भरायची असं ठरलं आणि कोणीतरी त्याच पोरीला पुढं केलं. पाणी धो धो आलं. बायकांनी “माय व माय!” म्हणत तोंडावर पदर घेतले, काही तर रडल्या. पोरीनं घागर भरली, विसळून पहिलं पाणी ओतलं, पुन्हा भरली. परीक्षा होऊन तेव्हा आठवडा उलटला होता. तिचं नाव गेलं नव्हतं.

अध्यक्ष गेल्यावर मावशी माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ही चार माणसांत माझी शोभा करणार. करायलाच हवी होती. ती म्हणाली, “भाऊ, तिले तेवढं सांगा, पुढच्या साली पुन्हा बस म्हना. माह्यं आयकत नाई. म्हनते, आता बस झालं. तुमचं आयकन.”

मी पोरीजवळ गेलो. ती चुंबळ नीट करत होती. मी म्हणालो, “पोरी, एक वर्षानं काही बिघडत नाही. पुढच्या वर्षी बस परीक्षेला.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. शाळेत गणित विचारावं तसं विचारलं, “काका, पुढच्या साली चैतात नळाले पानी राहीन का? खरं सांगा.”

यंदा पाऊस जास्त झाला म्हणून पाणी टिकलं होतं, एरवी गावाचा तलाव फाल्गुनातच तळाला जायचा, हे मला ठाऊक होतं. उन्हाळ्यात टोकाच्या गल्ल्यांचं पाणी आधी तोडतात, हेही. वॉटरवर्क्सचं टेबल माझ्यापासून हातभर लांब होतं. त्या दिवशी मी खोटं बोलायला हवं होतं, हे मला पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिलं. हो म्हटलं असतं तर कदाचित ती शाळेत गेली असती, आणि मग काही ना काही वाट निघाली असती.

पण मी महिनाभर खोटं पांघरून इतका कंटाळलो होतो, की तोंडातून निघालं, “सांगता येत नाही बाई.”

“मंग राहू द्या,” ती म्हणाली.

एक घागर तिनं डोक्यावर घेतली, दुसरी कमरेवर, आणि घराकडे गेली. आषाढात शाळा उघडली तेव्हा पटावरून तिचं नाव कमी झालं होतं.