डावा हात दादाचा, उजवा तिचा

चष्म्याच्या दुकानात काचा बसवता बसवता तिची पन्नाशी उलटली, तोवर तिनं गिटारला फक्त फडकं मारण्यापुरता हात लावला होता. गिटार थोरल्या भावाची. गल्लीत सगळे त्याला मास्तर म्हणायचे; पोराटोरांच्या दोन पिढ्या त्याच्याकडे शिकून गेल्या. आणि एका सकाळी दाढी करता करता मास्तर खाली कोसळले. जीव वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं गेलं. उरला एकच शब्द, "बरं". भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं.

वहिनीला एकटीला झेपेना, म्हणून ती भावाकडे राहायला आली. शिकायला येणारे हळूहळू बंद झाले. दादा दिवसभर भिंतीवरच्या गिटारकडे बघत बसायचा. ते बघवेना, म्हणून एका संध्याकाळी तिनं गिटार काढून त्याच्या मांडीवर आडवी ठेवली. त्याची डावी बोटं आपसूक तारांवर जाऊन बसली. उजवा हात मात्र तसाच लोंबत राहिला. तिला राहवलं नाही. शेजारी बसून तिनं आपल्या उजव्या हातानं तारा छेडल्या. सूर घुमला. दादाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आता हेच वेड घ्या दोघांनी," वहिनी म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

पण दादाला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. त्यानं गिटार तिच्याच मांडीवर ढकलली. शब्द नव्हते, पण बोटं होती. मूळ सुरावर तिचं बोट ठेवून त्यानं एक बोट दाखवलं. तिथून पट्टीतले सूर मोजायचे. एक, तीन, पाच एकत्र वाजवले की साधी कॉर्ड. मग त्यानं पंजा दाखवला आणि वर दोन बोटं: सात. तो सूर मिसळला की कॉर्ड हळवी व्हायची. पुढे एकदा पंजा आणि चार बोटं. नऊ? पट्टीत तर सातच सूर! तिनं मोजत मोजत तो सूर शोधला नि हसली.

"अरे दादा, हा तर दोनच! वरच्या मजल्यावर राहायला गेलाय, एवढंच."

"बरं, बरं!" दादाही हसला. आजारानंतर पहिल्यांदाच.

ती नवाची कॉर्ड मात्र तिला छळायला लागली. बोटं पुरेनात, तेव्हा दादानं पंजा दाखवून मूठ मिटली: पाच सोडून दे. तरी सातासाठी करंगळी ताणावी लागायची आणि ती दर वेळी दांडीवरचा एक पडदा अलीकडे पडायची. एका पडद्याचा फरक, पण कॉर्डचा चेहराच बदलायचा. विसाव्याच्या जागी हुरहूर. एकदा दादानं वैतागून गिटारवर थाप मारली. "बरं!" तो ओरडला.

"मला नाही जमायचं! मी काचा बसवणारी बाई आहे, दादा. माझ्यात स्वतःला शोधू नकोस."

बोलली आणि जीभ चावली. दादानं मान फिरवली. पुढचे काही दिवस गिटार भिंतीवरच राहिली. मग एक दिवस ती कामावरून आली तर दादा दाराशी खुर्चीत बसलेला, वहिनीनं काढून दिलेली गिटार मांडीवर. त्यानं तिची करंगळी धरली, अलगद योग्य पडद्यावर नेली आणि तिथंच धरून ठेवली. तिनं तारा छेडल्या. दोघंही सूर विरेपर्यंत हलली नाहीत.

त्या हिवाळ्यात दुसरा झटका आला. दादा झोपेतच गेला.

भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरली. घर खायला उठलं. एका दुपारी वहिनी भांडी घासत असताना तिनं गिटार काढली आणि दादाची एक जुनी चाल वाजवून पाहिली, पहिल्यांदाच एकटीनं, दादाच्या बोटांच्या आधाराशिवाय. शेवटी ती नवाची कॉर्ड. करंगळी बरोबर बसली.

आतला नळ बंद झाला. वहिनी ओल्या हातांनी दारात उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं कधी वाजवण्याकडे लक्ष दिलंय, असं कुणाला वाटलं नव्हतं.

"शेवटाला घाई करतेस," वहिनी म्हणाली. "त्याच्या आधी ते जरा थांबायचे."

"किती थांबायचे?"

वहिनी तिच्याजवळ खाली बसली. "वाजव. मी सांगते."