ओवाऱ्यावरची कानबाई

"ए बाई, अहीं नहीं. पेली बाजू लई जा."

बेन ओट्यावर उभी होती, दात घासत. मी खाली रस्त्यात. डोक्यावर कानबाई, विसर्जनाला निघालेली. नारळाला डोळे, नथ, पिवळं पातळ, वर फुलं. श्रावणातला सोमवार. मागे आमच्या वस्तीतल्या बाया नाचून घामाघूम. समोर ओवारा, म्हणजे तापीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. नदी हाताच्या अंतरावर.

ब्रश तोंडातच ठेवून बोलली ती. देवीला हटकताना थुंकायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

आणि मी? "जी बेन" म्हणाले. वर हसले. जणू हिने माझ्या तोंडात साखर घातली. रोज तिची भांडी घासायचे ना, मान आपोआप हलायची. आज ती तेव्हाची पोरगी मला भेटली तर मारणार नाही मी तिला. फक्त विचारीन, बये, तुझ्या मानेत हाड होतं की चिंधी?

पेली बाजू म्हणजे पलीकडे, नाला. डाइंगवाल्यांचं रंगाचं पाणी तिथून नदीत पडायचं. त्या दिवशी गुलाबी होतं. मी कानबाई बुडवली, पिवळं पातळ गुलाबी होऊन वर आलं. आणि मी शहाणी बायांकडे वळून म्हणाले, "छान दिसते, नाही?"

सासू एवढंच म्हणाली, "गटारमा बुडाडी तू मायले." घरी प्रसादाचे रोट खाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

आमच्या त्या मोहल्ल्याचा भूगोल सोपा होता. वर दगडी जोत्यावर त्यांची घरं, खाली काठाच्या रेतीवर आमची पत्र्याची. नवरे पांडेसऱ्याच्या मिलमध्ये, बाया वरच्या घरांत कामाला. उकाई धरणाचं पाणी सुटलं की नदी आधी आमच्या चुली विझवायची, मग त्यांच्या पायऱ्या चढायची. पाणी ओसरलं की त्यांच्या घरातला चिखल काढायला पुन्हा आम्हीच. आमचा चिखल? तो आम्ही नंतर काढायचो.

इतिहास मात्र बेनकडे होता. त्याच आठवड्यात तिच्याकडे पाहुणे आले. मी मोरीत भांडी घासत होते. ती सांगत होती, "आ ओवारो अमारा वडवाओनो. जहाजो अहीं लागतां. आ लोको तो काले आव्या." ओवारा तिच्या वाडवडिलांचा, आम्ही काल आलेले. आणि बोट माझ्याकडे. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरची ओल बघावी तसं.

मग बेनने देवघरातली तांब्याची लोटी आणली. तापीचं पाणी. स्वतःच्या डोळ्यांना लावलं, पाहुण्यांच्या हातावर घातलं. त्यांनी भक्तीने पिऊन टाकलं.

माझं माहेर तापीच्याच काठावर. खानदेशात, वर. लहानपणी मी त्याच पाण्यात म्हशींच्या पाठी घासल्या. मला एकदम हसू फुटलं. थांबेचना.

"शुं हसे छे?"

मोडक्या गुजरातीत सांगितलं, "बेन, ए पाणीमां पहेलां अमारी भेंस नहाय. पछी तमारे त्यां आवे."

एका पाहुणीने पदर तोंडाला लावला. बेन ओरडली, "नीकळ!"

निघाले. भांडी राखेत तशीच सोडली. ओट्यावरून उतरताना मान सवयीने हललीच. अजून चिंधीच होती थोडी. पण डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. मी काल आले असेन. नदी माझ्या गावावरून येते. हिच्या ओट्याखालून ती फक्त जाते.

नवऱ्याने आकांत केला, काम गेलं म्हणून. करू दिला.

पुढच्या श्रावणात कानबाई मीच डोक्यावर घेतली आणि ओवाऱ्याकडे वळले. बेन ओट्यावरून बोलत राहिली. मी पायऱ्या उतरत राहिले. कमरेएवढ्या पाण्यात गेले तेव्हा मागून सासूचा आवाज आला. ती गाणं म्हणत होती. त्यानंतर दर वर्षी तिथेच.

आता काठावर भिंत आहे. आमची वस्ती उठवली, बमरोलीच्या पुढे खोल्या दिल्या. रेतीच्या जागी फरशी, दिवे, बाकं, फाटक, फाटकावर दरवान. ओवारा त्या फाटकाच्या आत. सकाळी बूट घालून लोक चालतात. ह्या वर्षी पालिकेचा एक तरुण साहेब आला. गोड बोलला. "आजी, तुमच्या देवीसाठी टाकी बांधली आहे. नदी घाण होते ना."

मी विचारलं, "आणि रंगाच्या नाल्यासाठी कुठे बांधली?"

तो मोबाइलमध्ये बघू लागला.

नात म्हणते, ओवाऱ्यासाठी अर्ज करू या. ती शिकलेली आहे, तिला अर्ज आवडतात. मी नको म्हटलं. अर्ज करणारा दारात उभा राहतो. मी फार उभी राहिले आहे.

खोल्याखोल्यांत फिरून मी बायांना सांगून आले. परवानगी कोणी मागायची नाही. साहेबाला वेळ तेवढी कळवायची. सोमवारी, ऊन चढायच्या आत. गुडघे गेलेत, तरी मी चालणार. फाटकाला कुलूप असलं तर हातोडी आणा. पहिला घाव मी घालणार.