हलकं धनुष्य

लकव्यानंतर आमच्या म्हाताऱ्याचा डावा हात निम्माच परत आला. त्याचं धनुष्य धामणीच्या लाकडाचं, जड. ते डाव्या हातात धरावं लागतं, आणि त्याला ते खांद्यापर्यंतही नेता येईना. शिकार कधीचीच सुटली होती. तरी एकदा दोरी ओढायची, एवढं मनात धरून बसला. मला म्हणाला, "हलकं लाकूड आण. मी सांगतो तसं तास."

आमच्यात बाई धनुष्याला हात लावत नाही. झाडतानासुद्धा मी तेवढी जागा सोडून झाडायचे. पण मुलगा शहरात कामाला, दुसरं कोण होतं? मी पांगाऱ्याची फांदी आणली. तिच्याहून हलकं लाकूड मला माहीत नव्हतं.

त्यानं ती गुडघ्यावर वाकवून बघितली. "याची खेळणी करतात गो. वाकलं का वाकलेलंच राहतं. तुज्या भावासारखं."

"त्याच भावानं तुला दवाखान्यात नेला."

सागाची पट्टी दाखवली, तर म्हणे मोडेल. मग शेणवे गावाच्या बाजूच्या रानातून जून, भरीव बांबू आणला. चिरला, चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळवला. साल बाहेरच्या अंगाला ठेवायची, तिला कोयता लावायचा नाही, आतूनच तासायचं. मी तासायचे, तो वाकवून बघायचा आणि परत द्यायचा. अजून जड. पावसाळाभर तेच. पट्टी पातळ होत होती, पण त्याच्या हातातलं बळ तिच्या आधी उतरत होतं.

जाऊ दारात येऊन म्हणाली, "बाई धनुष्य करते. उद्या मिशी पण लाव."

"तुज्या नवऱ्याची काढून दे," मी म्हणाले.

शेवटी एकदा दोरी त्याच्या छातीपर्यंत आली. बाण अंगणातच उखळापाशी पडला.

"जातोय बाण," तो म्हणाला.

त्यानंतर तो ते उशाशी घेऊन झोपायचा.

भाताची कापणी चालू असताना तो गेला. आमच्यात पुरुषाचं धनुष्य त्याच्यासोबत देतात. मी उशाचं पुढे केलं. दीर म्हणाला, "ते नाय, वैनी. ते बाईच्या हातचं हाय." त्यानं भिंतीवरचं धामणीचं काढून चितेवर ठेवलं. शेवटी जे उचलता येत नव्हतं, तेच बरोबर दिलं. कामावरून आलेला मुलगा बघत उभा राहिला.

बांबूचं अजून उशाशीच आहे. सकाळी उचलते, खालची जागा झाडते आणि परत ठेवते.