नोटीसअक्का आणि माझी अक्षरं

नोटीसअक्का सहसा कुणाच्या हातात नोटीस देत नसे. आमच्या तंजावरात जाहिरातीच्या कागदाला नोटीसच म्हणतात आणि मार्गळी महिन्याच्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बाहेरगावचे लोक यायला लागले, की तो वाटण्यासाठीच संग्रहालयाने तिला रोजंदारीवर ठेवलेलं असे. ती मोठ्या देवळापाशी, बसगाड्या थांबतात तिथे, गठ्ठा काखेत मारून उभी राही आणि नुसती बोलत बसे. तरीही राजवाड्यातल्या आमच्या प्रदर्शनाला येणाऱ्या दहांतले आठजण तिचंच नाव सांगत. नोटिशीचा मजकूर लिहिणारा मी. मला कुणी विचारत नसे आणि माझ्या पोटात दुखे.

तिची रीत साधी होती. "कोठून आलांत?" हा पहिला प्रश्न. मग माणूस बघून एकच वस्तू सांगायची. नव्या सुनेला आरशाची जुनी चौकट, पोरं घेऊन आलेल्या बाईला लाकडी खेळणी. एकदा पाय दुखतात म्हणून कुरकुरणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणाली, "तेथे बसायास बाक हाय. समोर नटराज हाय. तो नाचूं दे, तुम्ही बसा." म्हातारा सगळं कुटुंब रिक्षात घालून आला. नटराजावर मी दोन परिच्छेद लिहिले होते, ते त्याने पाहिलेही नाहीत.

"सगळं पाहा म्हटलं तर कोणी काय पाहत नाहीं, सार. एक सांगायचं, पोदुम," असं ती मला समजावी. सार म्हणजे सर आणि पोदुम म्हणजे बस, पुरे. मी पदवीधर, कायम नोकरीतला, आणि ही मला शिकवणार. नाकाला मिरच्या झोंबत.

माझ्याकडे एकच गोष्ट होती, जी तिच्याकडे नव्हती. आमच्या घरांतून मराठी बोलतात सगळे, पण लिहितात-वाचतात तमिळ. मला मात्र आजोबांनी देवनागरी घोटून घेतलेली. त्या वर्षी महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी मी मराठी नोटीस काढली आणि दारापाशी त्यांच्यासाठी वेगळं टेबल मागितलं. संग्रहालयाच्या साहेबांनी टेबल मान्य केलं, पण तिथे अक्काला बसवावं असं त्यांच्या मनात होतं.

मग मी ते केलं. पुण्याची मंडळी आली होती, साहेब शेजारीच उभे होते. मी नोटीस अक्काच्या हातात दिली आणि म्हणालो, "अक्का, यांना जरा वाचून दाखवा." तिला येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

तिने कागद पाहिला. चेहरा जरासुद्धा न पाडता पाहुण्यांना म्हणाली, "मला हें वाचायास येत नाहीं. सारांनी लिहिलंय, बरंच असेल. तेच वाचतील." मी वाचलं. मंडळींनी सभ्यपणे ऐकलं आणि मग त्यांतल्या एका बाईने तिलाच विचारलं, "मावशी, तुम्ही सांगा, आधी काय बघू?" पण टेबल मला मिळालं. वाचता येणारं माणूस हवं, असं साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यापुढे उभी. हातात नातवाची कोरी वही. "हीं अक्षरं शिकवतांत काय मला, सार? दिवसाला दोन शिकवा, पोदुम." तिच्या आवाजात राग शोधला, तो सापडला नाही. मी म्हणालो, पोंगल होऊ दे. पोंगल झाल्यावर म्हणालो, गर्दी ओसरू दे. गर्दी ओसरली तसं तिचं कामही संपलं. लेकीकडे पापनाशमला जाताना ती सांगायला आली आणि म्हणाली, "येत्या वर्षीं तरी शिकवा." ते वर्ष आलं, तेव्हा तिचे गुडघे गेले होते. ती आली नाही.

पापनाशम काही लांब नाही, बसने तासाभराचं. मी गेलेलो नाही. टेबलावर बसतो, नोटिशी देतो, लोक त्या घडी घालून खिशात ठेवतात आणि पुढे जातात. तिला शिकवायला वेळ नव्हता असं मी इतरांना सांगतो. खरं एवढंच, की माणसं तिच्याकडे होतीच. अक्षरंही तिला आली असती, तर माझ्याकडे काय उरलं असतं?