सखाराम वल्द विठोबा, हाजिर हो!

फोन आला तेव्हा मी जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. दुपारची वेळ, बाहेर लिंबाची सावली फरशीवर हलत होती, आणि माझ्या पक्षकाराचा पुकारा कधी होतो याची वाट बघता बघता मला डुलकी लागत होती. सुशीला, दिगंबरची बायको, एवढंच म्हणाली, "ताई, हे गेले हो..." जेवून आरामखुर्चीत टेकला होता म्हणे, तो तसाच. मी काही बोलणार, तेवढ्यात कोर्टाचा पट्टेवाला दारात आला आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात कुणाचं तरी नाव पुकारायला लागला. खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, आता हा दिगंबरचंच नाव घेणार, आणि तो समोरच्या जिन्यावरून धापा टाकत, चष्मा पुसत वर येणार. उशिरा यायची त्याची सवयच होती. काही आठवडे झाले आता, पण पुकारा झाला की माझी मान अजून त्या जिन्याकडे वळते.

आम्ही दोघं याच शहरात कायदा शिकलो. मी फौजदारीत पडले, जन्मभर जामिनाच्या अर्जांत बुडाले. दिगंबर प्राध्यापक झाला आणि आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायला लागला. माझ्या दृष्टीनं ते निव्वळ हवेतलं काम. "तुझे आरोपी राजे न् सेनापती," मी म्हणायचे, "समन्स कोण बजावणार रे त्यांना? आपला क्रांती चौकातला हवालदार?" तो डोळे मिटून हसायचा. चिडायचा म्हणून नाही. मग उलट मलाच चीड यायची. पण हा माणूस त्या हवेत का शिरला, ते मला ठाऊक होतं, म्हणून चिडूनही मी गप्प बसायचे.

त्याचं गाव कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं. बाप शेतकरी. दिगंबर पोटात असताना, रझाकारीच्या धामधुमीत, काही घोडेस्वार आले आणि त्याच्या बापाला घेऊन गेले. पुढं पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, आणि दुसरीच कुणी माणसं येऊन शेजारच्या खैरूनबीच्या नवऱ्याला घेऊन गेली. दोन्ही घरांच्या मधे एकच भिंत. दोघांतलं कुणी परत आलं नाही. ना पंचनामा, ना प्रेत, ना कुणी म्हटलं की होय, आम्ही मारलं. दिगंबरची आई गयाबाई, तिनं नवऱ्याचं क्रियाकर्म करू दिलं नाही, कुंकूही पुसलं नाही. "कुनीतरी कोर्टात हुभं ऱ्हाऊन सांगावं की त्यो गेला," म्हणायची, "मंग पुसते." गावानं आधी भीतीनं त्या दोघांची नावं टाकली आणि मग सवयीनं. या आईचा पोरगा कायद्याचा माणूस झाला. दुसरं काय होणार होता?

वर्गात तो फळ्यावर आधी एक हात काढायचा. भलता वाकडातिकडा. कायद्याला हात असतात, म्हणायचा, पण प्रत्येक हाताची लांबी ठरलेली असते. गुन्हा कितीही मोठा असो, आधी बघा हात पोचतो का. कुठल्या भूमीवर झाला, कोण्या देशाच्या माणसानं केला, त्या देशानं करारावर सही केली का, आणि त्याच्या घरचं न्यायालय काही करतंय का. घरचं करत असेल तर बाहेरच्यानं नाक खुपसायचं नाही. दुपारच्या त्या तासाला पंखा करकरायचा, पोरं पेंगायची, आणि हा खिडकीबाहेर बघत बोलत राहायचा, जणू तिकडं धुळीत कुठंतरी सगळ्या जगाचं एक न्यायालय त्याला दिसत होतं... पांढरं, उंच, दारं उघडी असलेलं. एकदा मी मागच्या बाकावर जाऊन बसले होते, त्याची टर उडवायला. तास संपला तरी उठावंसं वाटलं नाही.

मग युरोपात, हेगला, अशा गुन्ह्यांसाठीचं ते कायमचं न्यायालय खरोखरच सुरू झालं. दिगंबरनं माझ्याकडं पेढे आणले, मला हसावं की रडावं कळेना. त्याच आनंदात तो गावी गेला आणि आईला सांगून बसला, "आई, अशा गुन्ह्याला आता मुदत नाय. कितीबी वर्षं होऊ दे, कितीबी मोठा मानूस असू दे." खरंच होतं ते. फक्त अर्धं होतं. ते न्यायालय स्वतःच्या जन्मानंतरचेच गुन्हे बघतं, मागचे नाही, आणि आपला देश त्या करारात नाही, हे उरलेलं अर्धं त्याच्या तोंडून निघालंच नाही. आईचा चेहरा बघून निघालं नसेल. पोळा झाल्यावर गयाबाई खैरूनबीला घेऊन, एसटीनं, थेट त्याच्या पुंडलिकनगरच्या घरी हजर! पायरीवर पिशवी ठेवून पहिला प्रश्न, "कोर्ट कंदी हाय?"

तो माझ्याकडं आला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता. "काय सांगू तिला?"

"खरं सांग."

"इतक्या वर्षांची आस आहे गं तिची."

"मग खोटं सांग, आणि उद्या वर्गात तो हात काढू नकोस फळ्यावर." मी जरा जास्तच बोलले, पण मला तेच वाटत होतं. त्यानं चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "मी नाही सांगत. कोर्टच सांगू दे."

त्याच्या महाविद्यालयात दरवर्षी अभिरूप न्यायालय भरायचं. विद्यार्थीच वकील, दिगंबर न्यायाधीश. मात्र एक गोष्ट त्याला हवीच असायची, पुकारा. महाविद्यालयाचा शिपाई दारात उभा राहून ओरडायचा. "हेगला असा पट्टेवाला असतो का रे?" मी विचारलं होतं. "नसेल तर त्यांची चूक," हे त्याचं उत्तर. त्या वर्षी त्यानं ठरलेला काल्पनिक खटला बाजूला ठेवला आणि या दोघींचा घेतला. दोघी पहिल्या बाकावर, मांडीवर हात ठेवून, देवळात बसावं तशा.

गंगापूरची एक चुणचुणीत पोरगी फिर्यादीच्या बाजूनं उभी राहिली. तिनं गयाबाईंना अदबीनं विचारलं, "मावशी, नेलेल्या माणसाचं नाव सांगा." गयाबाईंनी पदर तोंडाला लावला. पोरीनं पुन्हा विचारलं. "बाई, धन्याचं नाव कसं घेऊ मी? कंदी घेतलं नाय." कोर्टापुढं येऊन, इतक्या वर्षांनी, नाव तेवढं राहिलं! पोरगी गोंधळून दिगंबरकडं बघायला लागली. त्याच्या जिभेवर होतंच की ते नाव, पण न्यायाधीशानं साक्ष द्यायची नसते. तेव्हा खैरूनबी उठली. "मैं बोलती ना. सखाराम. सखाराम वल्द विठोबा. मेरे सामने लेके गए, मैं देखी." तिच्या नवऱ्याचं नाव विचारल्यावर ती खाली बघू लागली, तीही कधी घेत नव्हती, आणि गयाबाई पदर सोडून म्हणाल्या, "मी सांगते. शेख चांद वल्द शेख हुसेन. लई भला मानूस. मी बघितलंय त्याला नेताना." अशी एकीनं दुसरीची साक्ष दिली. मी इतक्या साक्षी घेतल्या, उलटतपासण्या केल्या, पण अशी साक्ष पुन्हा ऐकली नाही.

मग समोरच्या बाजूचा पोरगा उठला. बिचाऱ्यानं मुद्दा बरोबर मांडला. न्यायालयाच्या जन्माआधीचा गुन्हा, करारात नसलेली भूमी. दिगंबरनं दोघींकडं बघून, गावच्या बोलीत निकाल दिला. "या कोर्टाचा हात तिथवर पोचत नाय."

गयाबाई उभ्या राहिल्या. "म्हंजी झालंच नाय, असं म्हन्ता व्हय, साहेब?" पोटच्या पोराला साहेब म्हणाली ती.

"नाय आई. झालं. ह्या दोन साक्षीदारांनी सांगितलं, कोर्टानं ऐकलं. मानसं नेली, मारली. झालं. पन शिक्षा द्यायला आमचा हात आखूड पडतो." शब्द गाळला नाही त्यानं एकही.

गयाबाईंनी शिपायाकडं बोट केलं. "हात नाय पोचत तर नाय... हाक तर पोचंल? मारा एकदा."

दिगंबरनं शिपायाला खूण केली. शिपाई दारात गेला, नेहमीपेक्षा जरा हळूच सुरुवात केली, मग आवाज चढला. "सखाराम वल्द विठोबा, हाजिर हो! शेख चांद वल्द शेख हुसेन, हाजिर हो!" रिवाजाप्रमाणं तीनदा. लांब व्हरांड्यात आवाज घुमत गेला. बाहेर पिवळं ऊन, कुणी नाही. पण मी शपथेवर सांगेन, आम्ही सगळे दाराकडं बघत होतो, आणि त्या दोन्ही म्हाताऱ्यांनी एकदमच पदर डोक्यावरून पुढं ओढला, घरातलं वडीलधारं माणूस दारात आल्यावर बायका ओढतात ना, तसा. मी ढसाढसा रडले. काळ्या कोटातली बाई, पोरांसमोर.

त्या पितृपक्षात गयाबाईंनी पहिल्यांदा नवऱ्याच्या नावानं पान वाढायला सांगितलं, आणि खैरूनबीनं भिंतीपलीकडं तिच्या नवऱ्यासाठी फातेहा पढवला. पुढच्या खेपेला गयाबाई भेटल्या तेव्हा कपाळ कुंकवाविना मोकळं होतं. चेहरा शांत होता. दोघी आता नाहीत. दिगंबरवर मात्र त्या दिवसाचा एक परिणाम राहिला. त्याला बापाच्या नावासकट हाक मारलेली आवडायला लागली. मी त्याच्या घरी गेले की फाटकातूनच ओरडायचे, "दिगंबर वल्द सखाराम, हाजिर हो!" आणि आतून तो, "हाजिर है, सरकार!"

परवा गेले पुंडलिकनगरला. सुशीला पायरीवर बसली होती, आत आरामखुर्ची तशीच, दाराकडं तोंड करून. फाटकाला हात लावला, पण नेहमीची हाक मारली नाही. सुशीलानं बघितलं. म्हणाली, "मारा ना हाक, ताई. मी कधी त्यांचं नाव घेतलं नाही. घरात घेणारं आता कुणी नाही."

मी हाक मारली. पहिल्यांदा आवाज फुटला नाही, दुसऱ्यांदा फुटला, तिसऱ्यांदा गल्लीतली दोन माणसं वळून बघायला लागली. सुशीला उठून उभी राहिली, आतल्या खोलीकडं बघितलं आणि पदर डोक्यावरून पुढं ओढला. पुकारा झाल्यावर कोर्ट थांबतं, तेवढं आम्ही दोघी थांबलो.