आठवी ब आणि परतीची शीळ

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी वर्गावर ओरडणारे, वर्गाला घाबरणारे आणि वर्गात झोपणारे असे सगळ्या तऱ्हांचे शिक्षक पाहिले. पण पोरांनी दंगा सुरू केला की शांतपणे जमिनीवर मांडी घालून बसणारा शिक्षक एकच पाहिला, आणि तोही अजून शिक्षक व्हायचा होता.

आमच्या गारखेड्यातल्या शाळेत दरवर्षी बी.एड.चे प्रशिक्षणार्थी येतात. हातात रंगीत तक्ते, बगलेत पाठ टाचणाची वही आणि चेहऱ्यावर दाताच्या डॉक्टरकडे आल्याचा भाव. त्यातला हा माझ्या आठवी बच्या वाट्याला आला. गाव कन्नडच्या पुढं, घाटाकडं. घरी मेंढरं. बारावीपर्यंतच्या सगळ्या सुट्ट्या यानं कळपामागं काढलेल्या. मुलं त्याला ‘कन्नडचे सर’ म्हणत. तो वर्गात कधी पुढं उभा राहत नसे, मागून फिरत शिकवी. “पुढून नुसती तोंडं दिसतात, सर. कोण कुठं निघालंय ते मागूनच कळतं.” हजेरीला तो नंबर पुकारत नसे. दारातूनच एक नजर टाकून म्हणे, “चार कमी. खिडकीजवळची जोडी, तो खोकणारा, अन् चप्पल हरवणारी.” मी खवचटपणे हजेरीपट ताडून पाहिला. चारच होते. त्याच्या टाचणात मात्र ‘विद्यार्थ्यांत सागरी प्रवाहांविषयी अभिरुची निर्माण करणे’ असलं भारदस्त उद्दिष्ट लिहिलेलं होतं. जायकवाडीपलीकडं पाणी न पाहिलेल्या पोरांत ती निर्माण झालीच, तर पुढं तिचं काय करायचं, हे टाचणात कधीच नसतं.

बसण्याचं कारण त्यानंच सांगितलं. “कळप बिथरला की आपण पळायचं नाय. खाली बसायचं. थोड्या वेळानं एखादी हुंगायला येतीच.” आणि खरंच, पहिल्या आठवड्यात तो असा बसला, तेव्हा दोन मिनिटांत पहिल्या बाकावरून प्रश्न आला, “सर, चक्कर आली का?” मग बाकीचे बघायला आले, आणि नीट बघायचं तर गप्प राहावं लागतं.

आठवी बचं खरं दुखणं शेवटच्या बाकावर होतं. देवघरातल्या मूर्तीसारख्या चेहऱ्याची एक मुलगी. शिक्षक फळ्याकडं वळले की तिकडून शीळ यायची. आम्ही तीन चौकश्या केल्या, एक पालकसभा घेतली, सूचनाफलकावर सूचना लावली. पुरावा मिळाला नाही. कन्नडच्या सरांच्या पहिल्याच तासाला शीळ आली. त्यानं लिहिणं न थांबवता म्हटलं, “चुकली. असल्या शिळेवर एक मेंढी मान वर करणार नाय.”

मग शेवटच्या बाकावरून अपमान झालेला आवाज आला, “मग कशी वाजवायची?”

तीन चौकश्यांना जमलं नाही ते एका टोमण्यानं झालं. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागं त्यानं तिला तीन शिळा शिकवल्या. एक पाण्यावर न्यायची, एक थांबवायची, एक परत फिरवायची. अट एवढीच, की त्याच्या तासाला वाजवायची नाही. “हे टाचणात कुठं बसतं हो?” मी विचारलं. “उपयोजनात, सर,” तो गंभीरपणे म्हणाला.

मार्चमध्ये त्याचा अंतिम पाठ आला. आदल्या दिवशी तो मला म्हणाला, “पाठ जमला नाय तर परत मेंढरांमागं ये, काठी भिंतीला टेकवून ठेवलीय, म्हणालेत आमचे आबा.” परीक्षक त्या उन्हातही कोट घालून आले आणि शेवटच्या बाकावर, त्या मुलीच्या शेजारी बसले. मी दाराशी उभा राहिलो. कन्नडच्या सरांनी माशांची काचेची पेटी मागून आणली होती. गरम पाण्यात कुंकू, गार पाण्यात नीळ, म्हणजे प्रवाह दिसतात. ते दिसावेत म्हणून पहिल्या बाकानं टेबल स्वतःकडं ओढलं.

“समुद्र सांडलाऽऽ!”

“सुनामी आया, भागो रे!”

बावन्न पोरं बाकांवर चढली. महासागर परीक्षकांच्या बुटांपर्यंत पोचला. कन्नडचे सर कोरडी जागा बघून खाली बसले. पण या वेळी हुंगायला कोणी येईना. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. मी आता ओरडणार, तेवढ्यात त्यांच्या कानाशीच शीळ झाली. लांब, शेवटाला खाली उतरत जाणारी. परतीची. बावन्न माना वळल्या आणि पोरं जागेवर जाऊन बसली. ती वाजली की जागेवर परतायचं, असं पोरीनं मैदानावर सगळ्यांकडून घोटून घेतलं होतं, हे मला नंतर कळलं.

“शीळ कुणी वाजवली?” परीक्षक गरजले. ती उठू लागली. त्याआधी कन्नडचे सर उठले.

“मी, सर.”

“तुमचं तोंड बंद होतं!”

“आमच्याकडं तशीच वाजवतात.”

मग उरलेला पाठ त्यानं फरशीवर वाहणाऱ्या लाल-निळ्या पाण्यावर घेतला. तो पास झाला. ‘वर्गनियंत्रण’ या रकान्यात सगळ्यांत कमी गुण मिळाले. आता तो लासूर स्टेशनजवळच्या एका शाळेत आहे. फोनवर म्हणाला, “बाक कमी हायत, सर. पण खाली बसायला लई जागा.”

आठवी ब आता नववी ब झाली. हल्ली माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही. गेल्या आठवड्यात मी फळ्याकडं वळलो, गलका वाढत गेला, आणि मागून ती शीळ आली. वर्ग शांत. नेमक्या मुख्याध्यापिकाबाई दारात.

“कोण वाजवतंय शीळ?”

“मी,” मी म्हटलं.

बाईंनी माझ्या नव्या कवळीकडं पाहिलं आणि त्या निघून गेल्या. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मी बोटं तोंडात घालून पाहिली. नुसता वारा निघाला. चुकलीच असणार, पण तसं सांगायला फळ्याजवळ कोणी नव्हतं.