दुखानचे रोमन मामू

अख्ख्या कतारात त्या काळी पाण्याची टंचाई होती, सावलीची होती, कोथिंबिरीची तर होतीच होती. पण लॅटिनचीही टंचाई आहे हे फक्त एकाच माणसाच्या लक्षात आलं होतं, आणि तो माणूस नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, याला नशीब म्हणतात. मामू दुखानला तेलकंपनीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तरुणपणी रत्नागिरीत एका म्हाताऱ्या पाद्री डॉक्टरच्या हाताखाली औषधं कालवता कालवता ते चिठ्ठ्यांवरचं लॅटिन शिकले, आणि तेवढ्यावर भागेना म्हणून अख्खी भाषाच शिकले. पन्नासच्या दशकात, नव्या नवरीला माहेरी ठेवून मी त्याच कंपनीत टायपिस्ट म्हणून गेलो, तो थेट मामूंच्या तावडीत सापडलो.

लॅटिनने काय होत नाही, ते विचारा. मामूंच्या मते लॅटिनने पाठ ताठ होते, अक्षर सुधारतं, रागावर ताबा येतो आणि पोट साफ राहतं. त्यांचं स्वतःचं पोट कायम बिघडलेलं, पण तो दोष ते कँटीनच्या डाळीला देत. एकदा एक गोरा इंजिनियर खोकल्याचं औषध न्यायला आला, तर मामूंनी बाटली हातात धरून ठेवली आणि शाळेत घोकलेली लॅटिनची विभक्तीरूपं आधी म्हणायला लावली. बिचारा खोकत खोकत तिसरीवर अडला, कान लाल झाले. मामूंनी बाटली दिली, पण आमच्या मराठीत आठ आहेत साहेब, हे ऐकवलंच.

पाण्याचा टँकर आला की बादल्यांच्या रांगेत रोमन नळयोजनेवर व्याख्यान सुरू. रोमन इथे असते तर डोंगरातून पाटाने पाणी आणलं असतं म्हणाले. मी म्हटलं, मामू, इथे डोंगर कुठाय? तर म्हणे, डोंगरही आणला असता. एका रमजानात इफ्तारला ते रोमन उमरावासारखे डाव्या कोपरावर आडवे होऊन खजूर खायला लागले. टेकून खाणं सुन्नतीत, म्हणजे पैगंबरांच्या रीतीत, बसत नाही, म्हणून आमच्यातल्या एका बुजुर्गांनी दटावलं. मामू मुकाट्याने उठून बसले, नीट जेवले, हात धुतले आणि पुन्हा तसेच आडवे झाले. जेवण आपल्या रीतीचं आणि ढेकर रोमन रीतीची, यात कुणाची हरकत नसावी असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एका शुक्रवारी मामूंनी मला खोलीवर बोलावलं, स्टोव्हवर चहा ठेवला आणि सरळ सांगितलं की डोळे चाललेत. काचबिंदू. डॉक्टरने दोन-तीन वर्षं दिली होती. मग त्यांनी ट्रंकेतून पाद्रीने दिलेलं लॅटिन वेच्यांचं जाडजूड पुस्तक काढलं.

"तोवर तू शीक. मग मला वाचून दाखव. एवढंच मागतो, जावया."

मी हो म्हटलं. चांगलं छातीवर हात ठेवून म्हटलं.

अकरा शुक्रवार गेलो. बाराव्याला व्हॉलीबॉलची मॅच होती. मग दाढ दुखली, मग कुणीतरी मोटारीने दोहाला नेत होतं, मग खरं सांगायचं तर कंटाळा आला. मामू दर गुरुवारी ऑफिसच्या खिडकीशी येऊन विचारत, उद्या येतोस ना? मी म्हणायचो, इन्शाल्ला. त्या शब्दाचा एवढा आळशी वापर दुसऱ्या कुणी केला नसेल. पुढे पुढे ते पुस्तक नाकाला लावून वाचायला लागले, विचारणं बंद झालं, आणि सांगायला लाज वाटते, पण मला सुटल्यासारखं झालं. बाटल्यांवरची लेबलं दिसेनात तेव्हा त्यांनी आपणहून नोकरी सोडली आणि बोटीने घरी गेले.

दोन वर्षांनी सुट्टीत मी त्यांना भेटायला गेलो. मामू पडवीत बसले होते, पुस्तक मांडीवर. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं, पुस्तक पुढे केलं आणि वाच म्हणाले. अक्षरं इंग्रजीचीच, मी टायपिस्ट माणूस, धडाधड वाचत सुटलो. अर्थ ओळीत एखाद्या शब्दाचा लागत होता, तोही चुकून. मामू मधूनमधून उच्चार सुधारत होते, आणि चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, अरे, जमलं की! एका ओळीवर ते खुदकन हसले. मी पुढे वाचत गेलो.

"थांब," मामू म्हणाले. "कळलं ना तुला?"

"हो, कळलं."

"मग हसला नाहीस तो?"

त्यांनी रागवायला हवं होतं, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चाचपडत माझा गुडघा शोधला आणि थोपटला.

"दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस आपल्याला हसवतो, हाच लॅटिनचा फायदा. ते पाठबीठ, पोटबीट मी उगाच सांगायचो. पण एकट्याने किती हसायचं रे?" मग म्हणाले, "असू दे. वाच पुढे."

उजेड होता तोवर वाचलं. मामू जिथे जिथे हसले तिथे तिथे मीही हसलो, प्रत्येक वेळी जरासा उशिरा. आणि तो उशीर ऐकूच आला नाही असं मामू शेवटपर्यंत दाखवत राहिले.